आयरिशमधले कपडे: नावं पाठ झाली, तरी कोट अंगावर का चढत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही डब्लिनजवळ राहता. घरात मराठी, बाहेर इंग्रजी, आणि साडेचार वर्षांची मुलगी ज्युनियर इन्फन्ट्समध्ये, म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गात आहे. शाळेतून आयरिशमधल्या कपड्यांची बारा चित्रं घरी आली, तुम्ही कार्डं करून घेतलीत आणि आठवडाभरात तिला सगळी नावं पाठ झाली. पण बाई म्हणतात, वर्गात आयरिशमधून कोट घालायला सांगितलं की ती आधी शेजारच्या मुलांकडे बघते आणि मग घालते. तुम्हा दोघांनाही आयरिश येत नाही. आता काय करायचं, आणि या तिसऱ्या भाषेनं तिचा गोंधळ तर होणार नाही ना?

गोंधळाचं नंतर बघू. तिचं पाठांतर कच्चं नाही, हे आधी सांगते. कार्डावरचा शब्द आणि वर्गात कानावर पडणारा शब्द एकसारखे ऐकूच येत नाहीत, अडचण तिथे आहे. कार्डावर कोट म्हणजे 'कोता'. बाई तिला म्हणतात, "क्विर ऑर्त द ख़ोता", तुझा कोट घाल. सगळ्या वर्गाला एकदम सांगायचं असेल तर "क्विरिगी ऑरिव वुर गोती". एकाच कपड्याचं पहिलं व्यंजन क, ख़ आणि ग असं तीन तऱ्हांनी ऐकू येतं, शिवाय ते वाक्याच्या अगदी शेवटी. जिनं फक्त 'कोता' घोकलंय तिनं 'ख़ोता' ऐकून हलायचं तरी कसं?

(आयरिश शब्द इथे देवनागरीत उच्चाराच्या जितकं जवळ जाता येईल तितकं लिहिलेत. नुक्ता असलेला ख़ म्हणजे आपला 'खडू'तला ख नव्हे, घसा खाकरताना येतो तसा घासून काढलेला आवाज. ग़ त्याचाच भाऊ, फक्त गळ्यात कंप आणून काढलेला.)

हा बदल आयरिशच्या हाडात आहे. 'म' म्हणजे माझा, 'द' म्हणजे तुझा. यांच्या मागे शब्द आला की त्याचं पहिलं व्यंजन मऊ होतं. त्याला 'शेव्यू' म्हणतात, आणि लिहिताना पहिल्या अक्षरामागे एच घालतात. 'तुमचा' आणि 'त्यांचा' यांच्या मागे दुसरा बदल होतो, त्याचं नाव 'उरू'. मुलांना ही नावं अजिबात सांगायची नाहीत, ती तुमच्यासाठी आहेत. पण एक गोष्ट यातून लगेच निघते: कपडे हा विषय नामांच्या यादीनं सुरू करायचाच नाही. कपडा कुणाच्या तरी अंगावर असतो, कुणाचा तरी असतो, घालायचा किंवा काढायचा असतो. आयरिशमध्ये त्या प्रत्येक वेळी शब्दाचं रूप ठरतं. म्हणून आधी वाक्य आणि मागून नाव.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर आयरिशला दिवसाकाठी साधारण अर्धा तास मिळतो, आणि पहिली दोन वर्षं भर ऐकण्या-बोलण्यावर असतो. तिथे वर्षाअखेर आठ-दहा कपडे आणि तीन-चार वाक्यं पक्की झाली तरी उत्तम. गेलस्कॉलमध्ये, म्हणजे आयरिश माध्यमाच्या शाळेत, सुरुवातीपासून सगळा दिवस आयरिशमधून चालतो. तिथे कोट, बूट, टोपीची वाक्यं रोज अनेकदा कानावर पडतात. घरी शिकवायची गरज कमी आणि ओळखीच्या चार वाक्यांना साथ द्यायची गरज जास्त. गेलताख़्तात, म्हणजे जिथे आयरिश अजून बोलीत आहे अशा, मुख्यतः पश्चिमेकडच्या, भागात, राहत असाल तर हे उत्तर तुम्हाला फारसं लागणारच नाही. तुमच्या वर्णनावरून तुमची शाळा इंग्रजी माध्यमाची वाटते, तेव्हा पुढचं सगळं ते धरून.

बोलीचाही प्रश्न आहे. अल्स्टर, कॉनाख़्त आणि मन्स्टर या तीन मुख्य बोली. 'काय' विचारायला कुठे 'काद', कुठे 'केर्ड', कुठे 'काद्ये' म्हणतात. टोपीच्या 'कॅपीन'मध्ये मन्स्टरचे लोक जोर दुसऱ्या अक्षरावर देतात. बाई ज्या बोलीत शिकवतात तीच घरी धरा. त्यासाठी बाईंना विचारायला लाजू नका. बहुतेक शिक्षक चार वाक्यं आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून आनंदानं पाठवतील. ते जमलं नाही तर 'टॅंगलन' या आयरिश शब्दकोशाच्या संकेतस्थळावर एकेका शब्दाचा उच्चार तिन्ही बोलींत ऐकता येतो. पूर्ण वाक्य ऐकायचं असेल तर ट्रिनिटी कॉलेज डब्लिनच्या 'अबर' या प्रकल्पात वाक्य टाकलं की ते बोलून दाखवतं. इंग्रजी उच्चारात आयरिश वाचणारी यंत्रं मात्र टाळा. ती 'ख़ोता'चा सरळ 'चोटा' करतात आणि मूल तेच उचलतं.

तुम्हाला आयरिश येत नाही याचं फार मनाला लावून घेऊ नका, कारण काही बाबतींत मराठी घर इंग्रजी घरापेक्षा पुढेच आहे. आयरिशचा जाड त आणि द हे दाताला जीभ लावून काढायचे आवाज आहेत, आपल्या त-दसारखेच. 'कोता', 'गोता', 'ता' हे तिला 'ट' न करता म्हणता येतात. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना ते मुद्दाम शिकवावं लागतं. आपला व दात आणि ओठ यांच्या मधला, त्यामुळे 'म व्रोगा' (माझे बूट) सहज निघतं. आणखी मोठा फायदा वाक्याचा. इंग्रजीत 'माझ्याकडे असणं' यासाठी स्वतंत्र क्रियापद आहे, आयरिशमध्ये ते नाही, आपल्यातही नाही. 'ता कोता अगम' म्हणजे कोट आहे माझ्याकडे. 'ता कोता ऑरम' म्हणजे कोट आहे माझ्या अंगावर. हे तिला मराठीतून सांगितलंत तर एका वाक्यात कळेल. हो-नाहीचंही तसंच. आयरिशमध्ये हो आणि नाही यांना सुटे शब्द नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं. "अन विल कोता ऑर्त?" (तुझ्या अंगावर कोट आहे का?) याला उत्तर "ता" किंवा "नील". आहे किंवा नाही. मराठी मुलाला यात काही वेगळं वाटतच नाही.

अडतं ते ख़ आणि ग़ पाशी. ख़च्या जागी मराठी मुलं आपला ख म्हणतात. साडेचार वर्षांच्या मुलीनं तसं म्हटलं तर चालवून घ्या. मात्र क म्हणायला लागली तर लगेच आपण नीट म्हणून दाखवायचं, कारण क आणि ख़ यांच्यात पुढे अर्थाचा फरक येतो. 'अ ख़ोता' म्हणजे त्याचा कोट, 'अ कोता' म्हणजे तिचा, 'अ गोता' म्हणजे त्यांचा. आधीचा 'अ' तिन्हींत तोच. फरक दाखवतं ते नुसतं पहिलं व्यंजन.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

पहिल्या आठवड्यात चारच वस्तू: कोता (कोट), कॅपीन (टोपी), ब्रोगा (बूट, अनेकवचन), ग्यान्सी (स्वेटर, इथल्या भाषेत जंपर). या चारच का, तर चारही 'द'नंतर बदलतात. द ख़ोता, द ख़ॅपीन, द व्रोगा, द यान्सी. आणि वाक्यं दोनच: "क्विर ऑर्त…" म्हणजे घाल, "ब्विन डीत…" म्हणजे काढ. कार्डं कपाटात टाका. खरे कपडे एका मोठ्या पिशवीत भरा, आणि शक्यतो बाबांचे घ्या. मोठा कोट घालायला सोपा असतो, त्याला बटणांची खटपट नसते, आणि त्यात हसूही येतं. मुलांचे स्वतःचे घट्ट बूट काढाघालीतच सगळा वेळ खातात, आणि तेवढ्यात कानातलं वाक्य विरून जातं.

बैठक सात-आठ मिनिटांची, त्याहून मोठी नको. पहिली दोन मिनिटं तुम्ही स्वतः बोलत बोलत घाला-काढा, ती नुसती बघेल. पुढची तीन-चार मिनिटं तुम्ही सांगायचं आणि तिनं करायचं. या काळात तिच्याकडून एकही शब्द मागू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली ही पद्धत: भाषा आधी अंगानं कळते, तोंडातून मागाहून येते. कपड्यांइतका तिला साजेसा दुसरा विषय नाही, कारण इथे प्रत्येक वाक्याचं उत्तर हातपाय हलवून देता येतं. शेवटी आवराआवर: "क्विर इश्ट्याख़ सा वाला ए", पिशवीत टाक. (पिशवी म्हणजे 'माला', पण 'सा'मागे तिचाही 'वाला' होतो. तिला हे समजावू नका, कानावरून जाऊ द्या.)

एक चूक जवळजवळ सगळे पालक करतात. सांगतानाच त्या वस्तूकडे बघतात किंवा हात करतात. मुलं फार हुशार असतात, ती शब्द ऐकत नाहीत, तुमची नजर वाचतात. पहिले दोन दिवस खुणा हव्यातच. तिसऱ्या दिवसापासून हात पाठीमागे घ्या, नजर तिच्या चेहऱ्यावर ठेवा आणि मग सांगा. इथे ती थबकली तर समजा, अजून आवाज ओळखीचा झालेला नाही. एक पायरी मागे या. शेजारच्या मुलांकडे बघून कोट घालणं म्हणजे हेच, फक्त तुमच्या नजरेऐवजी तिथे मित्रमैत्रिणींची नजर असते.

चार वस्तू खुणेशिवाय जमल्या की दुसऱ्या हप्त्यात न बदलणारे शब्द आणा: हाता (हॅट), स्तॉका (मोजा), लेन्ये (शर्ट), श्किर्ता (स्कर्ट), स्कार्फ. 'म हाता', 'म स्तॉका', 'म लेन्ये' असेच राहतात. एस-टी किंवा एस-सी जोडीनं सुरू होणारे शब्द मऊ होत नाहीत, हॅटच्या एचलाही काही होत नाही. हे सोपे शब्द आधी का नाहीत, असं वाटेल. आधी दिले तर मूल असा समज करून घेतं की शब्द कधीच बदलत नसतात, आणि मग 'ख़ोता' त्याला चुकीचा वाटतो. अवघड गट आधी दिला की सोपा गट फुकटात येतो.

ब्रीश्टे (पँट) आणि गूना (फ्रॉक) मागाहून आणा. हातमोज्यांना 'लाव्हन्यी' म्हणतात. मराठी घरात यावरून लावणीचा विनोद होणारच, होऊ द्या, तो शब्द जन्मात विसरला जाणार नाही.

आता 'माझ्या अंगावर'. यासाठी सात रूपं आहेत: ऑरम (माझ्यावर), ऑर्त (तुझ्यावर), एर (त्याच्यावर), इर्ही (तिच्यावर), ऑरिन्य (आमच्यावर), ऑरिव (तुमच्यावर), ऑर्हु (त्यांच्यावर). लहान मुलांना पहिली चारच पुरे. आणि इथेच सगळ्यात चिवट घोळ होतो. तुम्ही तिला म्हणता, "ता कोता ड्यारग ऑर्त", तुझ्या अंगावर लाल कोट आहे. ती ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणते: "ता कोता ड्यारग ऑर्त". तिला म्हणायचं असतं 'माझ्या', पण कानावर तर 'तुझ्या' पडलेलं असतं. अशा वेळी "ऑर्त नाही, ऑरम म्हण" असं सुधारत बसलात तर ती बोलणंच बंद करेल. त्याऐवजी सुरुवात स्वतःपासून करा. तुमच्या डोक्यावर हॅट घाला, छातीवर हात ठेवा: "ता हाता ऑरमसा." मग तिच्याकडे हात करून: "नील हाता ऑर्तसा." शेवटी लागलेला 'सा' जोर दाखवतो, आपल्या 'माझ्या तर आहे' सारखा. मग हॅट तिच्या डोक्यावर ठेवून गप्प राहा. बहुतेक मुलं दोन-तीन फेऱ्यांत स्वतःहून "ता हाता ऑरमसा" म्हणतात, कारण आता त्यांना फुशारकी मारायची असते.

प्रश्न विचारताना एक सापळा आहे. 'अंगावर काय आहे' याचं शब्दशः आयरिश करून "काद अता ऑर्त?" असं विचारू नका. त्याचा अर्थ होतो 'तुला काय झालंय?', कारण भूक, तहान, दुःख, सर्दी हेही आयरिशमध्ये माणसाच्या अंगावरच असतात. 'काय घातलंयस' यासाठी "काद अता आ ख़ाहव अगत?" असं विचारतात. प्रश्न लांब आहे, त्याचं उत्तर मात्र आखूडच घ्यायचं: "ता कोता ऑरम."

रंग जोडायची घाई नको, पण जोडाल तेव्हा रंग कपड्याच्या मागे. मराठीत लाल कोट, इंग्रजीतही तोच क्रम. आयरिशमध्ये कोट लाल: 'कोता ड्यारग'. दोन्ही भाषांची सवय उलटी असल्यामुळे मुलं 'ड्यारग कोता' म्हणतातच. उपाय एवढाच, की रंग कधीही एकटा शिकवू नका. भिंतीवरचा रंगांचा तक्ता इथे नुकसान करतो. रंगाचं नाव नेहमी कपड्याला चिकटून येऊ द्या, आणि एकाच कपड्याचे दोन रंग शेजारी ठेवा: 'स्तॉका बान' (पांढरा मोजा), 'स्तॉका दुव' (काळा मोजा). स्त्रीलिंगी शब्दामागे रंगही मऊ होतो, म्हणून पांढरा शर्ट 'लेन्ये वान'. अनेकवचनात रंगाला शेपूट लागतं, 'स्तॉकी बाना'. ही रूपं तुमच्या तोंडून बरोबर जावीत, तिच्याकडून अपेक्षा नको. हिरव्याबद्दल एक: गवत-झाडांचा हिरवा 'ग्लास', रंगवलेल्या कापडाचा झगझगीत हिरवा 'ऊअन्ये'. शाळांत दोन्ही ऐकू येतात, बाई जो वापरतील तो घ्या. आणि 'ऑरम', 'गॉरम' (निळा), 'ड्यारग' यांत र नंतर हलका अ ऐकू येतो, लिहिलेला नसला तरी. तो गाळला तर आयरिश कानाला शब्द तुटका लागतो.

त्याचा-तिचा हा भाग टेडी आणि बाहुलीवर सोपा होतो. टेडी 'तो', बाहुली 'ती', हे एकदा ठरलं की बदलू नका. "ता हाता एर" म्हणताना टेडी, "ता हाता इर्ही" म्हणताना बाहुली. मग एकच प्रश्न दोघांना: "अन विल कोता एर?" "अन विल कोता इर्ही?" टेडीवर चादर टाकून ठेवा, म्हणजे उत्तर दिसणार नाही आणि तिला अंदाज करावा लागेल. समोर लाल कोट दिसत असताना 'कोट कुठल्या रंगाचा' असं विचारणं मुलांना खुळचट वाटतं आणि त्यांचं बरोबरच आहे. शाळेत तर गणवेश असतो, सगळ्यांच्या अंगावर तेच. म्हणून चांगले शिक्षक कपड्यांचा धडा कोट, टोप्या, बूट आणि नटायच्या पेटीवर घेतात, गणवेशावर नाही.

घरातली खरी शाळा म्हणजे वाळत घातलेले कपडे. आयर्लंडच्या पावसात अर्धं वर्ष ते रेडिएटरशेजारच्या स्टँडवरच असतात. घड्या घालताना मोज्यांच्या जोड्या लावायला तिला बसवा. "का विल अन स्तॉका एल्ये?" दुसरा मोजा कुठाय? हा प्रश्न खरा असतो, कारण दुसरा मोजा खरोखरच सापडत नसतो. "के लेश अन स्तॉका शो?" हा मोजा कुणाचा? "ल्युमसा", माझा. "ले डॅडी", बाबांचा. दहा मिनिटांत एक शब्द वीस वेळा कानावर जातो, तोही शिकवणीचा आव न आणता.

सकाळी शाळेला निघायच्या घाईत मात्र नवं काही नको. त्या वेळी फक्त मुरलेली वाक्यं: "क्विर ऑर्त द ख़ोता", आणि फार तर "दून द ख़ोता", कोट बंद कर. घाईत सांगितलेलं नवं वाक्य ओरडल्यासारखं होतं आणि मग आयरिश म्हणजे ओरडणं असं समीकरण बसतं. संध्याकाळी घरी आल्यावर वेळ असतो: "ब्विन डीत द व्रोगा." भिजून आलात तर "ता म ख़ोता फ्ल्युख़", माझा कोट ओला आहे. मग "क्रॉख़ सूअस द ख़ोता", कोट अडकव. हे शेवटचं वाक्य बाई वर्गात रोज म्हणत असतील, ते घरी पक्कं केलंत तर तिला वर्गात लगेच सुटल्यासारखं वाटेल.

खेळांत दोनच सुचवते. 'ड्येर ओ ग्रादी' म्हणजे 'ओ ग्रादी म्हणतो'. हा खेळ इथल्या प्रत्येक शाळेत चालतो. "ड्येर ओ ग्रादी, क्विर ऑर्त द ख़ॅपीन" म्हटलं तरच टोपी घालायची, नुसतं "क्विर ऑर्त" म्हटलं तर नाही. घरी एकटं मूल असेल तर बाद व्हायचा नियम काढून टाका, नाहीतर खेळ दोन मिनिटांत संपतो. दुसरा, पाच कपडे मांडून तिनं डोळे मिटायचे, आपण एक उचलायचा: "काद अता एर इअरी?" काय हरवलंय? इथे पहिल्यांदा तिला नाव म्हणावं लागतं. म्हणून हा खेळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याआधी आणू नका. तिनं 'कोता'ऐवजी 'ख़ोता' म्हटलं तर खूश व्हा, ते रूप आता तिचं झालंय. आपण फक्त "कोता! ता अन कोता एर इअरी" म्हणून पुढे जायचं.

भ्रमणध्वनीवरची ॲप्स आणि गाणी वाईट नाहीत. पण ॲपमध्ये चित्राला बोट लावणं म्हणजे पुन्हा कार्डच. गाण्यांत कपड्यांची नावं बहुधा सुटी येतात आणि चाल वेगवान असते, त्यामुळे मूल सूर शिकतं, शब्द नाही. आयरिश वाहिनी टीजी४ची मुलांसाठीची 'कूला४' आहे, तिच्यावरचे कार्यक्रम वाक्यं कानावर पडायला चांगले. पण दाखवून सोडून देऊ नका. शेजारी बसा आणि कुणी कोट घातला की ओळखीचं वाक्य म्हणा.

लिहायला लावू नका. आयरिश लिखाण आणि उच्चार यांचे नियम पक्के आहेत, पण ते इंग्रजीचे नाहीत. इंग्रजी अक्षरओळख नुकती सुरू असताना 'सीएच म्हणजे ख़' हे तिसरं ओझं नको. तुम्हाला स्वतःसाठी देवनागरीत लिहून फ्रिजवर लावायचं असेल तर जरूर लावा.

आता गोंधळाचं. तीन भाषा ऐकणारं मूल सुरुवातीला शब्दांची सरमिसळ करतं, "आई, माझा ख़ोता कुठाय" असं म्हणतं. हा गोंधळ नाही. वाक्य मराठी आहे, व्याकरण मराठी आहे, एक नाम उसनं आहे. मोठी माणसं दिवसभर इंग्रजीचं हेच करतात. काळजी करायची तर मराठीची करा. कपड्यांच्या बाबतीत मराठीत घालणं, नेसणं, बांधणं, पांघरणं, चढवणं अशी वेगवेगळी क्रियापदं आहेत. आयरिशमध्ये हे सगळं 'अंगावर घालणं' या एकाच वाक्यात भागतं, इंग्रजीतही तसंच. आजीची साडी 'घातली' असं ती म्हणायला लागली तर ते आयरिशमुळे नाही, मराठी कमी कानावर पडल्यामुळे. म्हणून आयरिशला दिवसातल्या ठरलेल्या दोन-तीन जागा द्या, दारातली, कपड्यांच्या घड्यांची आणि खेळाची. बाकी वेळ मराठीच. आणि तिचे आपले कपडेही आयरिशमध्ये येऊ द्या. "ता कुर्ता ऑरम" हे चांगलं आयरिश वाक्य आहे. कुर्त्याचा पहिला आवाज मऊ करायची गरज नाही, तो बाहेरचा शब्द आहे.

काही मुलं सोंगं करायला, दुसऱ्याचे कपडे अंगावर घ्यायला तयार नसतात. लोकर टोचते, गळ्याशी काही आलेलं आवडत नाही. त्यांच्यावर जबरदस्ती नको. सगळं टेडीवर करा: "क्विर अन हाता एर हेडी", टेडीच्या डोक्यावर हॅट घाल. (हो, 'एर'मागे टेडीचाही हेडी होतो.) आणि काही मुलं महिना-दीड महिना काहीच बोलत नाहीत, पण सांगितलेलं सगळं बरोबर करतात. त्यांना शिकलेलीच समजा.

शिकली की नाही हे बघायला नाव विचारू नका. ती दुसऱ्याच कशात गुंतलेली असताना, मागून, खूण न करता, ज्या कपड्याचा खेळ आदल्या दिवशी घेतलेला नाही त्याचं वाक्य म्हणा: "ब्विन डीत द यान्सी." हात स्वेटरकडे गेला तर तो शब्द पक्का झाला. टोपीकडे गेला तर 'यान्सी' आणि 'ख़ॅपीन' हे दोनच कपडे पुढचे तीन-चार दिवस आलटून पालटून घ्या, बाकीचे बाजूला ठेवा.

बाईंना तीन गोष्टी विचारून घ्या: त्या 'काद' म्हणतात की 'केर्ड', कोट घालायला-काढायला वर्गात नेमकं कोणतं वाक्य वापरतात, आणि या महिन्यात कपड्यांबरोबर कुठला विषय जोडणार आहेत. बहुतेक वेळा तो हवामान असतो. तसं असेल तर "ता शे फूअर", थंडी आहे, हे वाक्य दारात उभं राहून "क्विर ऑर्त द ख़ोता"च्या आधी म्हणायला आजपासूनच लागा.